पुरात भिजलेला फोटो आणि त्याचे रंग

गेल्या बुद्धपौर्णिमेस मंडळाच्या सभागृहात प्रवेशद्वाराजवळ एक जुना फोटो मोठा करून लावला होता. मातीच्या भिंतीपुढे बसलेली-उभी तेवीस माणसे, बहुतेक स्त्रिया, पुढे लहान मुले आणि एका बाजूस बांबूला बांधलेला पंचशील ध्वज. मूळ फोटोच्या मागे पेन्सिलीने '१९५८' एवढेच लिहिलेले आहे. त्याच्या एका बाजूस फाटका, डागाळलेला मूळ फोटो जसाच्या तसा आणि दुसऱ्या बाजूस रंग भरलेली प्रत होती. त्या दिवसापासून सभासद आम्हांस विचारीत आहेत, "आमच्या घरीही असा एक आहे, करून मिळेल का?" विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा असतो. ते विचारतात, "कोणते अॅप वापरले?" दोघांनाही तोंडी उत्तर देताना निम्मे सांगायचे राहून जाते. म्हणून हा लेख.

सदर फोटो चिपळूणच्या एका सभासदाच्या घरी होता. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर शहरात शिरला तेव्हा त्या घरात पुरुषभर पाणी चढले. फोटो फ्रेमसकट दोन दिवस चिखलात होता. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी तो मोठ्या काळजीने उन्हात ठेवला, आणि तेथेच घात झाला. जुना कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण. चित्र दिसते ते या चांदीमुळे. जिलेटिन पाण्याने फुगते, मऊ होते आणि वाळताना ज्याला टेकलेले असेल त्याला डिंकासारखे चिकटते. आमचा फोटो असाच काचेला चिकटला. अशा वेळी ओढून काढला तर कागद हातात येतो आणि चेहरे काचेवर राहतात.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यासाठी एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. भिजलेला फोटो ओला असतानाच काचेपासून वेगळा करावा. सुटत नसेल तर स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवावा व हळूहळू सोडवावा. चिखल लागला असेल तर बोटाने न चोळता नुसत्या पाण्यात हलवून घालवावा आणि फोटो चित्राची बाजू वर करून सावलीत पसरावा. एकावर एक ठेवू नयेत. फोटो पुष्कळ असतील आणि दोन दिवसांत वाळवणे जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, म्हणजे बुरशी धरत नाही व सवडीने काम करता येते. मात्र एकदा वाळून काचेला चिकटलेला फोटो सोडवण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचा काचेतूनच फोटो घ्यावा. आम्ही तेच केले.

सुटा फोटो असेल तर फ्लॅटबेड स्कॅनर उत्तम. दर इंची ६०० बिंदू पुरेसे होतात. पासपोर्टएवढा लहान फोटो असेल तर १२०० ठेवावेत. सहा बाय आठ इंचांच्या फोटोचे ६०० ने स्कॅन केल्यास ३६०० गुणिले ४८००, म्हणजे सुमारे १ कोटी ७३ लाख ठिपके मिळतात. भिंतीवर लावण्याइतका मोठा करण्यास तेवढे बस्स आहेत. परंतु हल्लीच्या पातळ, स्वस्त स्कॅनरची नजर स्वतःच्या काचेपुरतीच पोचते. मध्ये फ्रेमची दुसरी काच आली की चित्र धूसर होते. म्हणून आम्ही तिपाईवर कॅमेरा लावला, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे ठेवले, आणि कॅमेऱ्याचे प्रतिबिंब काचेत पडू नये म्हणून पुढे काळे कापड धरले. कापडाला भिंगापुरते भोक पाडले होते. ज्यांच्याजवळ फक्त मोबाइल आहे त्यांनी फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, फोटोच्या बरोबर समोरून चित्र घ्यावे.

फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करावे, हे अनेकांना पटत नाही. कारण असे की फोटो काळापांढरा असला तरी डाग रंगीत असतात. संगणकात प्रत्येक रंगीत चित्र लाल, हिरवे आणि निळे अशा तीन थरांनी बनलेले असते. पिवळा किंवा मातकट डाग निळ्या थरात काळाकुट्ट दिसतो आणि लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो. चांदीचे मूळ चित्र मात्र तिन्ही थरांत सारखेच राहते. आम्ही फक्त लाल थर ठेवला आणि पुराच्या गढूळ पाण्याचे निम्म्याहून अधिक डाग एका क्षणात गेले. या सबंध कामात यंत्राने इतक्या प्रामाणिकपणे दिलेली मदत दुसरी नाही. लाल थराने नवे काही घातले नाही, जे झाकले होते ते दाखवले.

पहिली प्रत 'टिफ' स्वरूपात साठवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. 'जेपेग' प्रत्येक वेळी साठवताना थोडा तपशील गाळते. काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावे.

यानंतरचे काम शिवणकामासारखे आहे. फोटोशॉप असेल तर ठीकच, नसेल तर गिम्प हा फुकट मिळणारा प्रोग्राम त्याच्या बराच जवळ जातो. दोन्हींत क्लोन स्टॅम्प व हीलिंग ही हत्यारे असतात. क्लोन स्टॅम्प शेजारचा तुकडा उचलून तसाच भोकावर ठेवतो. हीलिंग तो तुकडा ठेवताना आजूबाजूच्या उजेडाशी मिळवून घेते. मूळ चित्राच्या वर एक रिकामा थर घेऊन त्यावरच डागडुजी करावी, म्हणजे चुकले तर थर पुसून टाकता येतो. सुरुवात भिंत, जमीन, आकाश अशा बिनमहत्त्वाच्या भागापासून करावी. हात बसल्यावर कपडे आणि अगदी शेवटी चेहरे. आम्हांस याला अकरा रविवार लागले. त्यांतले चार नुसत्या भिंतीला गेले. मातीच्या भिंतीवरचे शेणामातीचे फराटे आणि पुराने पाडलेल्या रेघा यांतले कोणते ठेवायचे, हे ठरवताना आमच्यात दोन वेळा वाद झाला. ज्यांनी लहानपणी अशा भिंती सारवल्या होत्या, त्यांचे म्हणणे अखेर मान्य झाले.

आता मुख्य प्रसंग सांगतो. दुसऱ्या ओळीत मध्यभागी बसलेल्या एका बाईंचा चेहरा बुरशीने निम्मा खाल्ला होता. डावा डोळा, कपाळ आणि हनुवटीची कड तेवढी शिल्लक होती. आमच्यातील एका तरुण सभासदाने तो भाग चेहरे दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामला दिला. अशा प्रोग्रामांना अलीकडे फार नाव झाले आहे. २०२१ च्या सुमारास ते सर्वांच्या हाती आले. अर्ध्या मिनिटात उत्तर आले. दोन्ही डोळे पाणीदार, नाक सरळ, ओठ रेखीव, कातडी तुकतुकीत. आम्ही सर्वांनी वाहवा केली. हे येथे प्रांजळपणे नमूद करतो, कारण त्या दिवशी शंका एकालाही आली नाही.

फोटोत पुढे जमिनीवर बसलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी आहे. ती आज पंचाहत्तरीची आहे आणि आम्ही सारे तिला आत्या म्हणतो. ती बाई तिची आई. आम्ही मोठ्या उत्साहाने आत्याला संगणकापुढे बसवले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "ही माजी आय न्हवं."

आम्ही समजावू लागलो की फोटो साफ केल्यामुळे तसे वाटते. तिने मान हलवली आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावून म्हणाली, "हितं गोंदान व्हतं. त्ये खंय ग्येलं?"

मूळ प्रत पुन्हा उघडून पाहिली. शिल्लक राहिलेल्या कपाळावर, भुवईच्या वर, तीन बारीक ठिपके स्पष्ट होते. हनुवटीवरही एक होता. प्रोग्रामने ते डाग समजून पुसले होते.

हे का झाले ते विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे. असा प्रोग्राम फोटोत दडलेला चेहरा शोधून काढत नाही. दडलेले तेथे काही नसतेच. चांदी गेली म्हणजे चेहरा गेला. प्रोग्रामला आधी हजारो चेहऱ्यांची चित्रे दाखवलेली असतात. त्यांवरून डोळा, नाक, ओठ साधारण कसे असतात हे तो शिकतो आणि मोकळ्या जागेत शोभेल असा एक चेहरा तयार करून बसवतो. तो चेहरा कोणाचाच नसतो. ज्या चित्रांवर तो शिकला त्यांत कोकणातल्या गोंदलेल्या बाया फारशा नसाव्यात, आणि गुळगुळीत कातडी ही त्याच्या लेखी दुरुस्तीची खूण. आपल्या आज्यांनी लहानपणी सुया सोसून जे अंगावर कोरून घेतले, ते त्याच्या दृष्टीने कचरा ठरले.

आत्याकडे आईचा आणखी एक फोटो निघाला, पुष्कळ वर्षांनंतरचा, लग्नातला. तो चेहरा येथे बसवावा अशी एक सूचना आली. आम्ही ती मानली नाही. पंचावन्न वर्षांच्या बाईचे गाल तिशीतल्या बाईला लावणे म्हणजे तीच गोष्ट वेगळ्या हाताने करणे. त्या फोटोचा उपयोग गोंदणाच्या जागा ताडून पाहण्यापुरता केला. शेवटी जेवढा चेहरा होता तेवढा स्वच्छ केला आणि उरलेल्या भागात मऊ करडी छटा भरून सोडून दिली, डोळ्याला खड्डा खुपू नये इतपत. प्रदर्शनात अनेकांनी "एवढाच भाग का अर्धवट ठेवला?" असे विचारले. कारण हे आहे. आत्याने मात्र तीच प्रत मागून घेतली आणि घरी लावली आहे.

रंगांची कथा याहून गुंतागुंतीची. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग नसतो, फक्त उजेड किती परतला याची नोंद असते. गर्द हिरवे लुगडे आणि गर्द तांबडे लुगडे फोटोत एकाच करड्या छटेचे येऊ शकतात. आपोआप रंग भरणारे प्रोग्राम, २०१६ नंतर त्यांत मोठी प्रगती झाली आणि २०१८ साली निघालेला डीओल्डिफाय विशेष गाजला, हेही लाखो रंगीत चित्रांवरून अंदाज बांधायला शिकतात. गवत हिरवे, आकाश निळे हे त्यांना बरोबर जमते. लुगड्याचा रंग ते सांगू शकत नाहीत. मग ते मधला, फिका, चूक म्हणून पकडता न येणारा रंग निवडतात. आमच्या फोटोतील पांढऱ्या साड्या त्यांनी मळकट पिवळसर केल्या आणि तेवीसही जणांना एकच गव्हाळ कातडी दिली.

पांढऱ्या साड्यांबाबत आमच्याकडे पुरावा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा लोकांना शुभ्र वस्त्रे परिधान करून येण्यास सांगितले होते, आणि स्वतः बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर व पांढरा कोट घालून आले होते. पुढे गावोगावी वंदनेला, कार्यक्रमाला पांढरे नेसून जाण्याचा प्रघात पडला. आत्याला तर त्या दिवशी सकाळी आईने साडीला नीळ दिल्याचेही आठवते. तेव्हा आम्ही पांढरा ठेवला, सावलीच्या चुण्यांत किंचित निळसर झाक दिली.

दुसरा साक्षीदार ध्वज. पंचशील ध्वज प्रथम कोलंबोत १८८५ साली फडकला. त्यातील निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी या पट्ट्यांचा क्रम आपणांस पाठ आहे. म्हणजे सबंध फोटोत एवढीच एक वस्तू अशी की तिचे रंग कोणालाही न विचारता ठाऊक आहेत. पूर्वी एका प्रकारची फिल्म असे, ऑर्थोक्रोमॅटिक, तिला लाल रंग दिसतच नसे. तिच्यावर लाल जवळजवळ काळा येई, पिवळाही गडद येई आणि निळा उलट फिका. नंतरच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला सर्व रंग दिसत. आमच्या फोटोत पिवळा पट्टा निळ्यापेक्षा बराच फिकट आहे आणि लाल काळाठिक्कर नाही. यावरून फिल्म दुसऱ्या प्रकारची हे नक्की झाले आणि गडद दिसणारी वस्तू खरोखर गडद होती असे धरून चालता आले. नेमकी छटा ध्वजही सांगत नाही. पण फिल्म कोणती हे कळल्याने पुष्कळ चुका टळल्या. ज्यांच्या जुन्या फोटोत ध्वज असेल त्यांनी तो अवश्य न्याहाळावा.

कृती अशी. दुरुस्त केलेल्या चित्रावर नवा थर घ्यावा, त्याची मिसळण्याची रीत 'कलर' अशी निवडावी आणि त्यावर सौम्य रंग ब्रशने भरावा. उजेड-सावली खालच्या चित्राची राहते आणि वर फक्त रंग चढतो. कातडीला एक रंग लावून भागत नाही. कानाच्या पाळ्या, बोटांची पेरे, उन्हात राबलेला गळा, सर्वांच्या छटा निराळ्या. आम्ही प्रत्येक माणसाचा थर वेगळा ठेवला.

येथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. दोन घरांतून आम्हांस विनंती आली, "आमच्या माणसाला थोडे उजळ करा." मायेपोटीच आली. आम्ही नम्रपणे नकार दिला. फोटोत जी छटा गडद आहे ती गडदच राहील, असे ठरवले. एका घरची नाराजी अद्याप गेलेली नाही, हेही खरे.

ज्याचा पुरावा मिळाला नाही ते रंगवले नाही. मागचे दार आत्या म्हणते हिरवे होते, तिचा धाकटा चुलतभाऊ म्हणतो निळे. दोघेही शपथेवर सांगतात. फोटोतील करडी छटा दोन्हींना चालते. दार बिनरंगी राहिले. एका मुलीचा फुलाफुलांचा झगा तसाच.

पूर्वी तालुक्याच्या ठिकाणी स्टुडिओत फोटो हाताने रंगवून मिळत. गुलाबी ओठ, लालचुटूक गाल, मागे निळा तलाव. रंगवणारा आणि रंगवून घेणारा दोघांनाही ठाऊक असे की ही हौस आहे. आज अडचण अशी की यंत्राने भरलेला रंग खराच वाटतो. बाबासाहेबांचे रंगीत फोटो आता रोज मोबाइलवर फिरतात. कोट बहुधा निळाच असतो. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निळ्या झेंड्यापासून तो रंग आपला झाला. पुतळ्यांनी, पोस्टरांनी तो मनात पक्का केला. त्याविषयी आम्हांस प्रेमच आहे. परंतु काळ्यापांढऱ्या फोटोवरून कोट निळा होता की करडा की तपकिरी, हे निघत नाही. उद्या एखादा विद्यार्थी तेच चित्र पुरावा म्हणून प्रबंधात लावील. दीक्षाभूमीवरील प्रसंगाच्या फोटोत निळा कोट रंगवलेला कोणी पाठवला, तर चूक निदान सांगता तरी येते. इतर फोटोंच्या बाबतीत तीही सोय नाही.

म्हणून मंडळाने आपल्यापुरता नियम केला आहे. रंगीत प्रतीच्या खाली, चित्राच्या आतच, "मूळ कृष्णधवल, रंग नंतर भरले" असे छापायचे. वेगळ्या कागदावर लिहिलेले पुढे पाठवताना गळून पडते. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती ठेवायच्या, मूळ स्कॅन, दुरुस्त केलेला आणि रंगवलेला. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची. आमच्या फोटोचे साल मागेच मिळाले. या सर्व फायली दोन वेगवेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्कवर आहेत. एकाच कपाटात दोन्ही ठेवल्या तर पूर दोन्ही नेईल.

घरच्या मूळ फोटोबाबत थोडे. लॅमिनेशन करू नये. ते उष्णतेने चिकटवतात आणि पुन्हा कधी सुटत नाही. सेलोटेप लावू नये. मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिल वापरावी. मूर्तीशेजारी लावलेल्या फोटोवर मेणबत्ती-अगरबत्तीचा धूर वर्षानुवर्षे बसतो, तेव्हा तेथे प्रत लावावी आणि मूळ फोटो कोरड्या जागी ठेवावा.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वंदनेनंतर, सभागृहात स्कॅनर मांडलेला असतो. फोटो फ्रेममधून न काढता आणावा. शक्य असल्यास फोटोतील माणसे ओळखणारे घरातले वडीलधारे माणूसही बरोबर आणावे, कारण स्कॅनिंगला दहा मिनिटे लागतात आणि नावे लिहायला दोन तास. समोरच्या पानावर १९५८ चा फोटो क्रमांक घालून छापला आहे. तेवीसपैकी अठरा नावे मिळाली. क्रमांक ४, ९, १५, १६ आणि पुढच्या ओळीतील टोपी घातलेला मुलगा, क्रमांक २२, यांना कोणी ओळखत असल्यास कार्यालयात कळवावे. क्रमांक ९ च्या बाईंच्या हातात एक पुस्तक आहे. त्यावरचे अक्षर आम्हांस लागले नाही.